द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर ओलांडे धुतले की वेलीचे डोळे जळतात? आधी ओळी मोजा

एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी झाली, म्हणजे जुन्या काड्या बुडाशी कापून काढल्या, मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) खोड आणि ओलांडे, म्हणजे खोडावरून तारेला आडवे बांधलेले हात, औषधानं धुऊन काढले आणि आठवड्यानं बघावं तर ओलांड्यावर मधेच हातभर फूट नाही. डोळे, म्हणजे कोंब जिथून निघतो त्या गाठी, काळे पडलेले, डोळा नखानं दाबला की कोरडा भुगा. शेजारच्या ओळीत मात्र कोंब बोटभर वर आलेले. आमच्याकडं हे सलग तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी उन्हाला शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी औषधाला दिल्या आणि दुकान बदललं. तिसऱ्या वर्षी चुन्याची पिशवी घेऊन बागेत शिरलो आणि जी झाडं फुटली नाहीत त्यांच्या खोडाशी एकेक मूठ टाकत गेलो. संध्याकाळी बांधावर उभा राहून बघितलं, तर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी आखल्यासारख्या दिसत होत्या.

ऊन ओळी मोजून पडत नाही. म्हणजे चूक माणसाची होती, आणि औषध मारणारा माणूस मीच.

बाग उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या अलीकडं. बाहेरच्या लोकांना नान्नज माळढोकामुळं माहीत असतं. द्राक्षवाल्यांना ते नानासाहेब काळे यांनी काढलेल्या सोनाका या द्राक्षाच्या जातीमुळं. माझीही सोनाकाच आहे, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, एकच एकर. नऊ बाय पाच फुटांवर लावण, एका ओळीत 40 झाडं, अशा 24 ओळी. हे आकडे मुद्दाम देतोय, पुढं कामाला येतील.

चुना पडला होता तो असा: 5, 10, 15, 20 आणि 24 या ओळी जवळजवळ पूर्ण गेलेल्या. शिवाय पहिल्या बारा ओळींत उरलेल्या झाडांवरही जागोजाग डोळे मेलेले. तेराव्या ओळीपासून पुढं मात्र 15, 20 आणि 24 सोडल्या तर बाग झकास फुटलेली. म्हणजे एकाच बागेत दोन वेगळी दुखणी होती आणि मी तीन वर्षं त्यांना एकच समजत होतो.

पाचव्या ओळीचं कोडं आधी सुटलं. मी धुताना झाडाला साधारण लिटरभर पाणी पाडतो, कारण मिलीबग सालीखाली असतो आणि तिथपर्यंत पाणी पोचायला पाहिजे. 200 लिटरचं बॅरल, 200 झाडं, म्हणजे बरोबर पाच ओळी. प्रत्येक बॅरलाची शेवटची ओळ जळत होती. बॅरलात काय होतं? कीटकनाशक, औषध चिकटवणारं स्टिकर आणि फवारणीचं खनिज तेल, 2 टक्के म्हणजे बॅरलाला चार लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं. बोअरच्या पाण्यात ओतलं, काठीनं दोनदा ढवळलं, दुधासारखं झालं, एचटीपी म्हणजे फवारणीचा पंप चालू केला आणि ओळीत शिरलो. पंप खालून पाणी ओढतो. वर बॅरलात हळूहळू तेल तरंगायला लागतं. पहिल्या दोन-तीन ओळींवर बहुतेक पाणी आणि औषधच पडतं, तेल अगदी थोडं, आणि शेवटच्या ओळीवर उरलेलं सगळं तेल. पाचव्या ओळीच्या ओलांड्यावर दोन दिवसांनी बोट फिरवलं तेव्हा ते चिकट लागलं होतं आणि वास इंजिनाच्या चिंधीसारखा येत होता. तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटायला पाहिजे होती. मी म्हटलं, चांगलं बसलंय औषध.

गंमत म्हणजे प्रत्येक बॅरलाच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीत बहुतेक डोळे वाचले, पण मिलीबगही वाचला. जिथं तेल पुरेसं पोचलं नाही तिथं कीड जिवंत आणि जिथं पोचलं तिथं झाड मेलेलं. एवढा खर्च करून दोन्हीकडून बुडालो.

आमचं पाणी जड आहे हे यातलं मोठं कारण. साबणाला फेस येत नाही, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हवर पांढरा थर चढतो, भांड्याला खडू बसतो. तेल पाण्यात मिसळून राहावं म्हणून त्यात जे मिसळवणारं द्रव्य असतं ते अशा पाण्यात नीट टिकत नाही. ज्या औषधांत साबण असतो, उदाहरणार्थ फिश ऑइल रोझिन सोप, त्यांचं तर सरळ दही होतं. त्यामुळं आता मी फवारणीच्या आदल्या दिवशी एक साधं काम करतो. पाण्याची लिटरची रिकामी बाटली घ्यायची, त्यात ज्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणार तेच पाणी, त्याच प्रमाणात तेल आणि औषध टाकायचं, दहा-बारा वेळा हलवायचं आणि खिडकीत ठेवून चहा प्यायला जायचं. अर्ध्या तासानं वर पिवळट कडं दिसलं, फुटक्या दुधासारखे गोळे दिसले किंवा तळाशी गाळ बसला, तर ते बॅरलात जाणार नाही. बाटलीत जे होतं तेच बॅरलात होतं, फक्त बॅरल निळं असल्यानं आपल्याला दिसत नाही.

दुसरी दुरुस्ती फुकटातली. एचटीपीची रिटर्नची नळी मी बॅरलाच्या तोंडाला तशीच लटकवून ठेवत होतो. आता ती तळापर्यंत सोडून बांधतो, म्हणजे परत येणारं पाणी खालून उसळत राहतं. शिवाय एक माणूस बॅरलापाशी काठी घेऊन उभा. त्याची हजेरी जाते, पण चाळीस झाडांच्या ओळीपेक्षा ती स्वस्त आहे. आणि शेवटचे दहा-पंधरा लिटर बागेवर जात नाहीत. ते विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, पडीक कोपऱ्यात.

आता दुसरं दुखणं, पहिल्या बारा ओळींचं. हे समजायला वेळ लागला, कारण उत्तर बागेत नव्हतं, घरात कॅलेंडरवर होतं. त्या वर्षी छाटणीची टोळी अर्धं काम टाकून दुसऱ्याकडं गेली. पहिल्या बारा ओळी 8 एप्रिलला छाटल्या, उरलेल्या 12 तारखेला. धुतल्या मात्र सगळ्या एकाच दिवशी, 17 तारखेला. म्हणजे एका अर्ध्या बागेला छाटून नऊ दिवस झालेले, दुसरीला पाच. चार दिवसांचाच फरक. पण आमच्याकडं एप्रिलात पारा चाळिशीच्या पार जातो, त्या उन्हात डोळा आठव्या-नवव्या दिवशी फुगतो आणि त्याची टोपी सुटायला लागते. पाचव्या दिवशी तो अजून घट्ट मिटलेला असतो. मिटलेल्या डोळ्यावर बाहेरची तपकिरी खवल्यांची चिलखत असते. फुगला की ती खवली फाकतात, आतली लव दिसते, आत श्वसन जोरात चाललेलं असतं. त्यावर तेलाचा पातळ पापुद्रा बसला की कोंडमारा होतो. किड्याला आपण जसं गुदमरवून मारतो, तसाच डोळा गुदमरतो. तेलाला कीड कोणती आणि डोळा कोणता हे कळत नाही.

इथं मला एक गोष्ट जरा ठासून सांगायची आहे. डब्यावर, पत्रकावर आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत जिथं जिथं ‘विश्रांतीच्या काळात 2 ते 3 टक्के तेल’ असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा थंड मुलखातल्या वेलीसाठी असतं. तिकडं पानं गळून वेल हिवाळाभर खरोखर झोपते. खोडावर काहीही मारा, तिला पत्ता नसतो. आपली वेल झोपतच नाही. माल काढल्यावर आपण पाणी तोडतो, तिला थोडं थांबवतो आणि कात्री लावली की ती आठवड्यात उठून बसते. आपल्याकडं विश्रांती म्हणजे माल उतरल्यापासून छाटणीपर्यंतचे दिवस आणि छाटणीनंतरचे फार तर चार-पाच. त्यातही छाटणीआधीच्या दिवसांत वेलीवर पानं असतात. म्हणजे झोपलेल्या वेलीचा डोस आपण जागी असलेल्या वेलीला देतोय. पालवी असलेल्या झाडाला तेलाचं प्रमाण अर्धा ते एक टक्का असतं, आणि तेही ऊन बघून.

आमचे दाजी पंढरपूरकडचे, कासेगावच्या बाजूला त्यांची बाग. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “पाव्हणं, आम्ही तर धाव्या दिवशीबी मारलंय, काय झालं न्हाई.” मी विचारलं, “दाजी, तेल घालून का नुसतं औषध?” जरा थांबून म्हणाले, “तेल कशाला घालतोय मी? परवडतंय व्हय?” मग बरोबर आहे. धुणं वाईट नाही, दहावा दिवसही एकट्यानं वाईट नाही. पण फुगलेला डोळा, तेल आणि आपलं ऊन एकत्र आले की माप भरतं.

डोळा मेलाय का नुसता रुसलाय, हे वाट बघत बसण्यापेक्षा कापून बघावं. दाढीचं नवं पातं घ्या. ओलांड्यावरचा डोळा मधोमध उभा चिरा, वरून खाली, काडीसकट. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. द्राक्षाच्या एका डोळ्यात खरं तर तीन असतात: मधे मुख्य आणि त्याला टेकून दोन राखीव. तिन्ही हिरवे ओलसर दिसले तर डोळा जिवंत आहे, पाण्याची किंवा ताकदीची अडचण असेल. मधला काळा आणि बाजूचे हिरवे असतील तर थोड्या उशिरानं फूट येईल. तिन्ही तपकिरी आणि खालची सालही नखानं खरवडल्यावर तपकिरी, तर तिथं आशा सोडा. प्रत्येक संशयित ओळीत वेगवेगळ्या झाडांचे आठ-दहा डोळे तरी असे बघा. त्या वर्षी मी पाचव्या ओळीतले दहा कापले, आठ तिन्हीसकट काळे निघाले. अकराव्या ओळीतले दहा कापले तर सहांचा फक्त मधला गेला होता. म्हणून अकरावी ओळ पुढं सावरली आणि पाचवी सावरली नाही.

आता, डोळे न फुटण्याला फवारणीच कारण असते असं नाही, आणि तीच समजून चाललं तर भलताच उपाय होतो. ओळखायच्या खुणा सांगतो.

उन्हानं भाजलेला ओलांडा वरच्या अंगाला भाजतो. खरड छाटणीत सगळी सावली एका दिवसात उतरते आणि वर्षभर पानाखाली असलेली साल सरळ सूर्याखाली येते. अशा ओलांड्याच्या वरच्या बाजूला साल तडकते, आत वाळलेली पट्टी दिसते, खालची बाजू मात्र हिरवी. फवारणीचा भाजा नोझल जिकडून फिरली तिकडं असतो, बहुतेक कमरेच्या उंचीवरून आणि खालून. उन्हावर जुना उपाय आहेच, ओलांड्यावर गोणपाट टाकायचं, जमलं तर दुपारी एकदा भिजवायचं.

उडद्या भुंगेऱ्याचं काम वेगळंच. तो रात्री येतो आणि फुगलेला डोळा आतून कोरतो. डोळ्याला भोक असतं, आत पोकळी. औषधानं मेलेल्या डोळ्याला भोक नसतं, तो जागेवरच आखडतो. बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर एक फेरी मारली की शंका फिटते.

तणनाशकाचं दुखणं आमच्या भागात वाढलंय. आजूबाजूला ऊस आणि ज्वारी, त्यात 2,4-डी मारतात, आणि द्राक्ष त्या औषधाला कमालीचं नाजूक. यात डोळा सहसा फुटतो, पण पान पंख्यासारखं मिटलेलं, शिरा एकमेकींजवळ आलेल्या, कडा दातेरी. असं पान दिसलं तर वारं कुठून वाहिलं ते बघा. आणि स्वतःचं बॅरलही बघा! उसाला तणनाशक मारलेला पंप नुसता पाण्यानं खळबळून बागेत आणला तर शेजाऱ्याशी भांडून काही उपयोग नाही. तणनाशकाचं बॅरल, नळी आणि नोझल आमच्याकडं वेगळी आहेत, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारलाय. गड्याला वाचता येवो न येवो, लाल कळतं.

खाऱ्या पाण्याचा त्रास पानं आल्यावर कडेनं करपण्यात दिसतो, डोळ्यात नाही. तो विषय वेगळा.

आता मिश्रणाबद्दल. माझ्या बॅरलात तिन्ही वर्षं तेल होतंच, पण दुसऱ्या वर्षी मी आणखी शहाणपणा केला होता. भुरी रोगाचा वचपा काढायचा म्हणून आठ दिवसांपूर्वी गंधक मारलेलं आणि त्यावर तेल. तेल आणि गंधक यांच्यामध्ये दोन ते चार आठवडे जाऊ द्यावेत, आधी काहीही मारलेलं असो. दोन्ही एकत्र आले की झाडाला जाळतात. कॅप्टान या बुरशीनाशकाचंही तेलाशी तसंच वैर. शिवाय गंधक एकटंसुद्धा बत्तीस-पस्तीस अंशांच्या वर भाजतं, म्हणजे आमच्या एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर नाहीच.

बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, एकटंच मारावं. एक टक्क्याला 100 लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडी किंवा पत्र्याच्या बादलीत मोरचूद भिजवला की बादलीही जाते आणि मिश्रणही. तयार झाल्यावर त्यात घासून स्वच्छ केलेला खिळा किंवा विळ्याचं टोक मिनिटभर बुडवायचं. लालसर तांब्याचा रंग चढला तर तांबं मोकळं आहे, अजून चुन्याची निवळी घाला. हे मोकळं तांबंच डोळे आणि कोवळे शेंडे जाळतं. चुना जुना, हवा लागून मेलेला असला तर मापात किलो असूनही कमी पडतो, म्हणून वजनावर विश्वास न ठेवता खिळ्यावर ठेवावा. त्याच दिवशी वापरून संपवावं, उद्यासाठी ठेवू नये. यात कीटकनाशक घालायचा मोह होतो, एका फेरीत दोन कामं. पण बोर्डो अल्कधर्मी, त्यात बरीच कीटकनाशकं फुटून निकामी होतात. मग मिलीबग मरत नाही आणि आपण पुढच्या वेळी डोस वाढवतो.

याच्या उलटी एक चूक हल्ली फार होते. कीटकनाशकासाठी जड पाण्याचा सामू (पीएच) सायट्रिक ॲसिडनं सहा-साडेसहावर आणायचा, हे सगळे शिकले. चांगलं आहे. पण तेच आंबट केलेलं पाणी तांब्याच्या औषधाला वापरलं की तांबं विरघळून झाडाच्या अंगात जातं. फोसेटिल किंवा फॉस्फरस ॲसिडची औषधं आंबट असतात, तीही तांब्यात मिसळायची नाहीत. आमच्याकडं बॅरलाशेजारी लिटमसची वही टांगलेली असते. त्यावर पोरानं ‘निळ्याला लिंबू नको’ असं खडूनं लिहून ठेवलंय.

मुळात आपण एवढं तेल का घालत होतो? मिलीबग मरत नाही म्हणून. तो मरत नाही कारण तो सुट्या सालीखाली, ओलांड्याच्या बेचक्यात, खोडाच्या फटीत असतो आणि त्याची अंडी कापसासारख्या पिशवीत. औषध कितीही कडक केलं तरी सालीच्या वरूनच वाहून जातं. मी आता छाटणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटी साल हातानं आणि ताराच्या नव्हे, काथ्याच्या ब्रशनं काढून घेतो. तारेचा ब्रश डोळे उडवतो. साल गोळा करून बागेबाहेर जाळायची, बांधावर टाकली तर मिलीबग चालत परत येतो, मुंग्या त्याला आणतातसुद्धा. त्यानंतर फक्त लेबलवर द्राक्ष आणि मिलीबग दोन्ही लिहिलेलं औषध, लेबलवरच्याच मात्रेत, भरपूर पाण्यातून, तेल न घालता. पहिल्याच वर्षी फरक दिसला. पुढं पावसाळ्यात हवा दमट झाली की मिलीबगला मारणारी व्हर्टिसिलियम बुरशी, आणि मुंग्यांचा बंदोबस्त. मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमसचे भुंगेरे सोडणारेही आहेत. त्यांनी सोडल्यानंतर कडक औषध मारू नये एवढंच, नाहीतर भुंगेऱ्यांचे पैसे वाया.

तेल घालायचंच असेल, समजा खवले कीड जास्त आहे, तर मी हे पाळतो: छाटल्यापासून चौथ्या दिवसाच्या आत, अर्धा टक्का म्हणजे बॅरलाला एक लिटर, सकाळी साडेआठच्या आत काम बंद. संध्याकाळचं बरं वाटतं, पण एप्रिलात संध्याकाळी आमच्याकडं वारं सुटतं आणि वळवाचं काही सांगता येत नाही. आदल्या दोन दिवसांत बागेला पाणी दिलेलं पाहिजे. तहानलेल्या वेलीवर काहीही मारलं तरी ती जास्त भाजते. आणि तिला तहान आपणच लावलेली असते, माल उतरल्यावर पाणी तोडून. शेतीची लाइट रात्रीची असली तर रात्री पाणी द्या, झोप मोडेल, मोडू दे. छाटणी दोन टप्प्यांत झाली असेल तर धुणंही दोन टप्प्यांत. आता ज्या दिवशी जी ओळ छाटली, ती तारीख त्या ओळीच्या पहिल्या खांबावर खडूनं लिहितो. आणि नवीन मिश्रण असेल तर आधी बांधाकडच्या पाच झाडांवर मारून तीन-चार दिवस थांबायचं. हे दिवस मिळावेत म्हणूनच चाचणी छाटणीआधी, त्या पाच झाडांना आठवडाभर आधी कात्री लावून करायची.

ऑक्टोबरच्या छाटणीला, म्हणजे फळछाटणीला, हे सगळं दुप्पट सांभाळावं लागतं, कारण तेव्हा डोळा गेला म्हणजे घड गेला. त्यात पेस्टिंग असतं, म्हणजे डोळे फोडायला काडीवर औषध लावणं. हायड्रोजन सायनामाइड छाटल्यानंतर दिवस-दोन दिवसांत लावायचं. राहून गेलं म्हणून पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब बाहेर डोकावताना लावलं तर जो डोळा फोडायचा तोच मरतो. जाड काडी, बारीक काडी, हवेतली गर्मी यावर मात्रा बदलते, शेजाऱ्याची मात्रा उचलू नये. आणि लावणाऱ्या गड्यांना हातमोजे द्याच, शिवाय एक गोष्ट स्पष्ट सांगा: कामाच्या आदल्या दिवसापासून पुढं आठवडाभर दारूचा थेंब नाही. हे औषध अंगात गेलेलं असताना प्यालं तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. सांगताना लाजू नये, मी हजेरी वाटतानाच सांगतो.

समजा जळालंच, तर? फवारताना तासाभरात लक्षात आलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं ओलांडे धुऊन टाका, बरंचसं वाचतं. दुसऱ्या दिवशी कळलं तर धुऊन उपयोग नाही. मग टॉनिक, संजीवकं, विद्राव्य खतं यांचा मारा करायचा नाही, हे सगळ्यात अवघड, कारण दुकानात गेलं की काहीतरी हातात देतातच. जखमेवर अजून एक फवारा नको. गोणपाट टाका, पाणी थोडं थोडं आणि रोज द्या, पंधरा दिवस थांबा. राखीव डोळे आणि ओलांड्यातले झाकलेले डोळे उशिरानं निघतात. निघाले की जिथं जागा रिकामी आहे तिथं शेजारची जोमदार काडी वळवून बांधायची, विरळणी करताना ती चुकून काढायची नाही. उशिरा आलेल्या काडीचा तोटा मात्र पुढं दिसतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत काडीत घड तयार होतो, त्यासाठी ऊन पाहिजे. तीन आठवडे उशीर झाला की ते दिवस ढगाळ जून-जुलैत जाऊन पडतात आणि ऑक्टोबरात काडी फुटते ती वांझ. म्हणून अशा ओळींची काडी ऑक्टोबरच्या छाटणीआधी प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घ्यायचे आणि कुठल्या डोळ्यावर कापायचं ते ठरवायचं.

पाचव्या ओळीतल्या चाळीसपैकी सव्वीस झाडांचे ओलांडे खोडापासून नव्यानं बांधले. त्यांचा माल पहिल्या वर्षी आलाच नाही, गेल्या हंगामात निम्मा आला, तो बेदाण्याला दिला. चोवीसाव्या ओळीत सात जागा रिकाम्या राहिल्या होत्या, तिथं या पावसाळ्यात डॉगरिज लावलाय.